टेकडी, मंडई आणि पोस्ट : घरी शिकणाऱ्या लहान मुलाचा दिवस

पाच-सहा वर्षांच्या मुलाला घरीच शिकवायचं ठरवलेले पालक सगळ्यात आधी वेळापत्रक मागतात. नऊ ते साडेनऊ मराठी, साडेनऊ ते दहा गणित, मग डबा, मग चित्रकला. ही मागणी समजण्यासारखी आहे. आपण सगळे घंटेच्या ठोक्यांवर वाढलो आणि मूल शाळेत जाणार नाही म्हटल्यावर एवढ्या मोठ्या जबाबदारीला काहीतरी चौकट हवीशी वाटते. पण असं वेळापत्रक बहुतेक घरांत फार दिवस टिकत नाही. एके दिवशी पाहुणे येतात, एके दिवशी मुलाला ताप येतो, एके दिवशी पाणीच उशिरा येतं, आणि मग भिंतीवरचा कागद रोज आपल्याला बोल लावत राहतो.

लहान मुलाला घड्याळ कळत नाही, पण 'हे झालं की ते' हे पक्कं कळतं. म्हणून वेळ सैल ठेवा आणि क्रम घट्ट. उठून आवरणं, स्वयंपाकघरातलं काम, थोडं बैठं काम, बाहेर जाणं, जेवण, शांत दुपार, संध्याकाळी खेळ, रात्री गोष्ट. कधी नऊला सुरू होईल, कधी दहाला. पण जेवणाआधी बाहेर जायचं आहे हे मुलाला ठाऊक असलं की दर अर्ध्या तासाला 'आता काय?' हा प्रश्न येत नाही आणि तुमचंही निम्मं बोलणं वाचतं.

दुसरी गोष्ट पटायला जरा वेळ लागतो. बाहेर न्यायच्या जागा थोड्याच ठेवा आणि त्याच त्याच जागी पुन्हा पुन्हा जा. शाळा नाही म्हणजे मुलाला खूप काही दाखवलं पाहिजे अशा धास्तीने पालक दर आठवड्याला नवं ठिकाण शोधतात. त्यात पैसा जातो, दमणूक होते आणि मुलाच्या हाती फारसं लागत नाही. मी पुण्यात राहते, म्हणून पुढची उदाहरणं पुण्याची आहेत. तुमच्याकडे नदीचा घाट असेल, आठवडी बाजार असेल, मामाचा मळा असेल. जागा कोणतीही चालेल, तिथे नेमाने जाता आलं पाहिजे.

सकाळ स्वयंपाकघरात

घरातलं एक काम पूर्णपणे मुलाचं म्हणून द्या. कुंड्यांना पाणी घालणं, जेवणाची पानं घेणं, देवासाठी फुलं आणणं, काहीही चालेल. अट एकच : काम खरं हवं. मुलाने केलं नाही तर ते राहून जाईल आणि घरातल्या सगळ्यांना ते जाणवेल, असं. लुटुपुटीचं काम मुलांना लगेच ओळखू येतं.

त्यानंतर निवडणं-टिपणं. मटार सोलणं, गवार मोडणं, मेथीची पानं खुडणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं. अंगठा आणि पुढची दोन बोटं यांची जी चिमूट मटाराची शेंग उघडते, तीच पुढे पेन्सिल धरते. चौथ्या वर्षी हात धरून अक्षरं गिरवून घेतलेली मुलं पेन्सिल मुठीत आवळतात आणि दोन ओळींत दमतात. बोटांत बळ आलेलं मूल सहाव्या वर्षी तेच अक्षर काही दिवसांत उचलतं. कणकेचा छोटा गोळा आणि छोटं लाटणं रोज हातात पडू द्या. पोळी कोणत्याही आकाराची झाली तरी ती भाजा आणि त्याच्याच पानात वाढा.

मोजणं इथेच होतं. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी. आज मावशी जेवायला आहे, तांदूळ तीन वाट्या, तर पाणी किती? मूल बोटांवर मोजेल, चुकेल, भात कधी गच्च होईल. होऊ द्या.

विज्ञानासाठी विरजणाइतकं सोपं साधन दुसरं नाही. रात्री तीन वाट्या घ्या. पहिलीत कोमट दूध आणि चमचाभर विरजण. दुसरीत फ्रिजमधलं गार दूध आणि तेवढंच विरजण, आणि ती वाटी परत फ्रिजमध्ये. तिसरीत नुसतं कोमट दूध. झोपण्याआधी मुलाला विचारा, सकाळी कुठल्या वाटीत दही असेल? तो जे म्हणेल ते कागदावर लिहून ठेवा. उत्तर आपल्याला माहीत असल्याचं चेहऱ्यावरही दाखवू नका. सकाळी तीनही वाट्या मुलालाच उघडू द्या. हाच प्रयोग मे महिन्यात करा आणि डिसेंबरात पुन्हा करा. थंडीत आजी विरजणाचं भांडं कापडात गुंडाळून डब्यात का ठेवते, हे कोणी न सांगता उलगडतं. विरजणातले जिवाणू, त्यांना लागणारी ऊब, हे शब्द नंतर आले तरी चालतात. आधी पाहिलेल्या गोष्टीला नाव मिळालं की ते विसरलं जात नाही.

विळी, गॅस आणि कुकर यांबद्दलचे नियम मात्र एकदाच ठरवा आणि मोडू देऊ नका. केळं आणि उकडलेला बटाटा कापायला बोथट सुरी पुरते.

एक विनंती. काम करताना सतत परीक्षा घेऊ नका. 'हा रंग कोणता? आता मटार किती झाले? ग वरून काय?' असा भडिमार सुरू झाला की मूल स्वयंपाकघरातून पळ काढतं. गप्पा मारा. तुम्ही लहान असताना तुमच्या घरी काय शिजायचं, ते सांगा. भाषा अशीच वाढते.

बैठं काम

पाच-सहा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी वीस ते तीस मिनिटं बैठं काम पुरेसं आहे, सात वर्षांच्या मुलाला पाऊण तास. आकडे ऐकून पालक दचकतात. वर्गातल्या पाच तासांत हजेरी, रांगा, वह्या तपासणं, इतरांची वाट बघणं हे सगळं असतं. घरी तुम्ही एकट्या मुलासमोर बसलेले असता. बैठक लांबवली की शिकणं वाढत नाही, नावड वाढते.

अक्षरांसाठी ग म भ न चा जुना क्रम अजूनही चांगला. हाताच्या एकाच वळणातून पुढची अक्षरं निघतात. आधी ताटात पसरलेल्या रव्यावर बोटाने, मग पाटीवर, वही सगळ्यात शेवटी. पाटीचा मोठा गुण म्हणजे चुकलेलं पुसता येतं आणि मागे खूण राहत नाही.

आकड्यांच्या बाबतीत मराठी मुलांना एक खरी अडचण असते. आपण पस्तीस म्हणताना पाच आधी बोलतो आणि लिहिताना तीन आधी लिहितो. एकोणतीस म्हणताना तर अजून न आलेल्या तिसाचं नाव घेतो. तेव्हा पस्तिसासाठी ५३ लिहिणारं मूल ढ नसतं, ते ऐकलं तसं लिहीत असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचनही दिलं गेलं, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. घरी वादात पडायचं कारण नाही. खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधा. तीन जुड्या, पाच सुट्या : तीस आणि पाच, पस्तीस. दोन्ही रीती सोबत बोला. काही आठवड्यांत जुड्या बाजूला पडतात.

पुस्तकांसाठी फार खर्च करू नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि छापील प्रतीही स्वस्त असतात. वर्षाच्या शेवटी साधारण काय यायला हवं याचा अंदाज घेण्यापुरती ती जवळ ठेवा. रोज एक पान संपवण्याचा नेम करू नका. बालभारतीच्याच 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक महाजालावर वाचता येतात. ते मोठ्याने वाचून दाखवायला उत्तम.

मूल बसायलाच तयार नसेल तर त्या दिवशी वही मिटा. पण नकार महिनाभर चालला तर डोळे तपासून घ्या आणि काम त्याच्या वयाला जड तर नाही ना, ते पाहा.

बाहेर

या दिवसाचा गाभा मला तरी बाहेर दिसतो. आपल्याकडे ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आज पालघर जिल्ह्यात असलेल्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, तेव्हा गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती. मग शाळाच कुरणात गेली. तिला नाव मिळालं कुरणशाळा. त्याआधी बोर्डीला बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली होती, तिथून अंगणवाडी आली. माँटेसोरीच्या महागड्या साधनांच्या जागी त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, खडे वापरले. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की मुलांची जागा बदलली नाही. रोजचं कुरण तेच राहिलं, शिकवणं तिथे चालत आलं.

आता वेताळ टेकडीचं बघा. पहिल्यांदा नेलं की मूल नुसतं धावतं. दुसऱ्यांदा दगड फेकतं, काठी उचलतं, मोठ्याने ओरडून बघतं. तुम्हाला वाटतं, फुकट आलो. तीन-चार फेऱ्यांनंतर त्याचं पाऊल मंदावतं आणि ते खाली वाकून बघू लागतं. जागेचं नवेपण संपल्याशिवाय तिथल्या गोष्टी दिसत नाहीत. म्हणून आठवड्यातला एक वार टेकडीचा ठरवा आणि वर्षभर तो पाळा.

वर गेल्यावर एक झाड मुलाचं करा. काटेसावर असेल तर फारच छान. हिवाळ्यात ती पानं टाकते, जानेवारी-फेब्रुवारीत लाल फुलांनी भरते आणि मग मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे सगळे फुलांतल्या रसासाठी तिच्यावर उतरतात. उन्हाळ्यात बोंडं फुटून कापूस उडतो, पावसाआधी नवी पालवी येते. दर महिन्याला त्या झाडाचं एक चित्र काढू द्या. चित्र कसं आलं हे महत्त्वाचं नाही. प्रत्येक चित्रावर महिना लिहायचा, एवढंच. वर्षाच्या शेवटी सगळी चित्रं जमिनीवर ओळीने मांडली की ऋतू म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

पक्षी आधी ऐकायचे. फांदीवरचा छोटा पक्षी लहान मुलाला पटकन सापडत नाही आणि दुर्बिणीतून तर मुळीच नाही. पण तांबटाची टुक्-टुक् एकदा कानात बसली की मूल ती रस्त्याच्या गोंगाटातही ओळखतं. मुलाने स्वतः ठेवलेली नावं चालू द्या. माझी मुलगी टिटवीला बराच काळ 'रागावलेली बाई' म्हणायची. खरं नाव दोन-चार फेऱ्यांनी सांगितलं तरी काही बिघडत नाही.

टेकडीचा दगडही बघायला लावा. हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेल्या लाव्हाचा झालेला आहे, हे पाच वर्षांच्या मुलाला सांगितलं तर कोटी कळत नाही, पण 'पायाखालचा डोंगर कधीतरी पातळ आणि लाल होता' हे मनात राहतं. काही दगडांत पांढरे चमकदार स्फटिक दिसतात, त्यांतले बरेच झिओलाइटचे असतात. जुन्या खाणीच्या कडेला मात्र हात सोडायचा नाही. दगडाखाली हात घालायचा नाही, बूट घालूनच चढायचं, आग्या मोहोळ दिसलं तर लांबून वळायचं, खाली पडलेलं उचलायचं आणि झाडावरचं तोडायचं नाही. पिशवीत पाणी, टोपी, केळं किंवा गूळ-शेंगदाणे, एक भिंग आणि दोन कागदी पिशव्या असल्या की झालं. उन्हाळ्यात दहाच्या आत खाली उतरा.

दुसरा वार मंडईचा. महात्मा फुले मंडईची अष्टकोनी इमारत १८८६ ची आहे. मूल पहिल्यांदा छताकडेच बघत राहतं, तर बघू द्या. सकाळची घाई ओसरल्यावर जा आणि मुलाच्या खिशात त्याचे वीस रुपये ठेवा. त्याने एकच वस्तू घ्यायची, पण सगळा व्यवहार त्याने करायचा : भाव विचारणं, जुडी बघून घेणं, पैसे देणं, सुट्टे मोजून घेणं. तुम्ही दोन पावलं मागे उभे राहा. तो अडखळला की लगेच पुढे होऊ नका. आणि दर वेळी त्याच मावशींकडे जा. थोड्या दिवसांनी त्याच विचारतील, 'गेल्या आठवड्यात कुठं होतास रे?' घरी शिकणाऱ्या मुलाला माणसं कुठून मिळणार, असं लोक काळजीने विचारतात. त्यातली काही इथे मिळतात. गर्दीच्या वेळी मात्र मावशींना प्रश्न विचारून खोळंबा करायचा नाही, हेही मुलाला सांगून ठेवा. त्यांच्या पोटापाण्याचा वेळ असतो तो.

घरी आल्यावर वहीत दोनच नोंदी : आज नवीन काय दिसलं आणि टोमॅटोचा भाव काय होता. हिवाळ्यात मटार आणि ओला हरभरा, एप्रिलात कैऱ्या, जूनमध्ये जांभळं, पावसाळ्यात रानभाज्या. पंचांगाशिवाय वर्षाचं चक्र तयार होतं. टोमॅटोच्या भावाइतके चौकोन मुलाला रंगवू द्या, पाच रुपयांना एक. ते वर-खाली होणं कशाने होतं हा प्रश्न तोच विचारेल आणि उत्तरासाठी पुन्हा मावशींकडे जावं लागेल.

तिसरी जागा पोस्ट. पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळतं. मुलाने बोलायचं, तुम्ही लिहायचं, उरलेल्या जागेत त्याचं चित्र. पण पिन कोड त्याने स्वतः लिहायचा, कारण इथे आकडे वळणदार काढण्याला खरं कारण आहे : ते चुकले तर पत्र पोचणार नाही. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती रचणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, जे संस्कृतचे कवीही होते. सहा आकड्यांतला पहिला विभागाचा. महाराष्ट्र आणि गोवा यांचा ४. पुण्याचे पिन ४११ ने सुरू होतात, सोलापूरचा ४१३ ने, कोल्हापूरचा ४१६ ने, गोव्याचे ४०३ ने. घरी आलेल्या पाकिटांवरचे पिन बघून पत्र कुठून आलं ते ओळखायचा खेळ मुलांना फार आवडतो. आजीला मात्र आधी फोन करून सांगून ठेवा की उत्तर पोस्टानेच पाठव. उत्तर आलं नाही तर हा सगळा उद्योग एका पत्रावर थांबतो.

संग्रहालयाबद्दल थोडक्यात. राजा दिनकर केळकर संग्रहालयात एका फेरीत एकच प्रकार बघा. आज दिवे, पुढच्या खेपेस अडकित्ते, त्यानंतर वाद्यं. अर्ध्या तासात, मुलाला अजून बघायचं असतानाच बाहेर पडा. घरी समई किंवा अडकित्ता असेल तर त्या दिवशी काढून हातात द्या. आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून पुढे आलेली अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंची खेळणीही घरी करण्यासारखी आहेत. कृती त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

जाणं-येणं शक्यतो बसने करा. पाट्यांवरचे मराठी आकडे वाचून आपली बस ओळखणं हे वाचनच आहे. बसमध्ये कोणीतरी हटकून विचारतं, 'बाळा, आज शाळा नाही का?' मुलाला एक सरळ उत्तर शिकवून ठेवा : 'मी घरी शिकतो.' पुढचं स्पष्टीकरण तुम्ही हसून दोन वाक्यांत द्या आणि मुलासमोर शाळांना नावं ठेवू नका. उद्या ते शाळेत जाऊ शकतं आणि खेळातले त्याचे सगळे सोबती आजच शाळेत जातात. पाहुण्यांनी 'पाढे म्हणून दाखव' म्हटलं तर मध्ये पडा. 'तो तुम्हाला त्याची सावरीची चित्रं दाखवेल,' असं म्हणून विषय वळवा. मुलाला सगळ्यांसमोर परीक्षेला बसवण्याचा हक्क कोणालाच नाही, काकांनाही नाही.

दुपार आणि संध्याकाळ

जेवणानंतर तासभर घर शांत. झोप आली तर झोपावं, नाही तर मुलाने एकट्याने खेळावं. हा तास तुमचाही आहे, आणि तो नसेल तर हा दिवसक्रम तुम्ही फार काळ चालवू शकणार नाही. एका पेटीत कागद, कात्री, डिंक, सुतळी आणि पुठ्ठ्याची खोकी ठेवा. 'कंटाळा आला' असं ऐकू आलं तरी उठू नका. थोड्या वेळाने खोक्यांचा आवाज येतो. फोन देण्याचा मोह याच वेळी होतो. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एका तासाहून जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये आणि किमान १८० मिनिटं हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. थोडं मोठं मूलही याच मापाने ठेवलं तर बरं.

वडिलांविषयी स्पष्ट बोलते. आठवड्यातली एक फेरी संपूर्ण त्यांची असावी. पिशवी भरण्यापासून परत आल्यावर चिखलाचे बूट धुण्यापर्यंत. आईने सगळं आखायचं आणि बाबांनी फक्त सोबत जायचं, याला वाटणी म्हणत नाहीत. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना 'जरा सांभाळा' म्हणू नका, त्यांचा विषय द्या : सागरगोटे, पानाफुलांची रांगोळी, ज्वारीची रास, रेल्वेतली नोकरी, जे त्यांचं असेल ते.

संध्याकाळी पाचच्या सुमारास इमारतीतली मुलं शाळेतून येऊन खाली उतरतात. त्या वेळी तुमचं मूल खाली असलंच पाहिजे, रोज. घरी शिकणाऱ्या मुलाचं खरं नुकसान होऊ शकतं ते इथे. डाव कोणाचा यावरून भांडण, कट्टी, दुसऱ्या दिवशी बट्टी. हे मोठ्यांबरोबर शिकता येत नाही, कारण मोठी माणसं समजून घेतात. लगोरी कोणी पाडली यावरून वाद झाला तर मारामारीपर्यंत गोष्ट जात नाही तोवर गच्चीतूनही ओरडू नका. आसपास मुलंच नसतील तर एखादी तालीम, मल्लखांबाचा वर्ग किंवा वाचनालयाचा बालविभाग शोधा आणि तिथेही आठवड्यातून किमान दोन-तीनदा जा.

पावसाळ्यात टेकडी निसरडी होते, तेव्हा गॅलरीत सरळ भिंतींची काचेची बरणी ठेवा. रोज सकाळी त्याच वेळी पट्टीने पाणी मोजून ओतून टाका. जेवढे मिलिमीटर भरले तेवढाच पाऊस. वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही सारखे येत नाहीत, आणि का येत नाहीत यावर आठवडाभर बोलता येतं. आजारपणात किंवा तुम्हीच थकलात तर दिवस तीन गोष्टींवर आणा : मुलाचं ते एक काम, खाली एक चक्कर, रात्रीची गोष्ट.

शाळा जे न सांगता करते

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या काही गोष्टी आपोआप होतात, त्या तुम्हाला आठवणीने कराव्या लागतील. शाळेत फळ्यावरचं दिसत नाही हे बाईंच्या लक्षात येतं. घरी फळा नाही. म्हणून वर्षातून एकदा डोळे आणि दात तपासा. एका डोळ्याची दृष्टी मंद असेल तर लहान वयात उपचार जितके लवकर तितके चांगले. जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या मोहिमेत शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना दिली जाते. शाळेत नसलेल्या मुलाने ती जवळच्या अंगणवाडीतून घ्यावी. पाच ते सहा वर्षांदरम्यानचा त्रिगुणी लशीचा बूस्टर राहिला नाही ना, तेही कार्डावर पाहा.

कायद्याचं चित्र नीट समजून घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हणतो. घरी शिकण्याचा त्यात वेगळा उल्लेख नाही. न शिकवल्याबद्दल पालकांना शिक्षाही त्यात नाही. अनेक कुटुंबं या मोकळ्या जागेत राहून मुलांना घरी शिकवतात, पण ही जागा मोकळी आहे, मान्यतेची नाही, हे मनात ठेवूनच निर्णय घ्या. त्याच कायद्याने परतीची वाटही ठेवली आहे : सहा वर्षांवरच्या, शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. पुढे परीक्षा द्यायची तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्थेची सोय आहे. तिच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या पातळ्या आहेत आणि दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. राज्यातही मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि दहावीला बाहेरून बसणाऱ्यांचा १७ नंबरचा फॉर्म तर घराघरांत माहीत आहे.

म्हणून एक फाइल ठेवा. जन्मदाखला, आधार, लसीकरण कार्ड, दर महिन्याची दोन-तीन चित्रं, अक्षराचे नमुने, भावाची वही. रात्री मूल झोपल्यावर तीन ओळी लिहा : आज काय केलं, मुलाने काय विचारलं, कशाला नाही म्हटलं. तिसरी ओळ टाळू नका. चार महिन्यांच्या नकारांवर एकदम नजर टाकली की कुठे अडतंय ते दिसतं. आणि दरवर्षी जानेवारीत, प्रवेशांची धावपळ सुरू होण्याआधी, ही वही समोर घेऊन दोघांनी बसा. हे आणखी एक वर्ष करायचं का, कोणाला झेपतंय, कोणाला नाही, हे मोकळेपणाने बोला. मूल सहा वर्षांचं झालं असेल तर त्यालाही विचारा आणि ते शाळेत जायचं म्हणालं तर जवळची शाळा दाखवायला घेऊन जा.